खालचा कप्पा

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॉलच्या बेसमेंटमध्ये बसून लिहितो आहे. चार्जिंगच्या रांगेत माझ्यापुढे दोन गाड्या आहेत, म्हणजे दीड तास तरी इथून सुटका नाही. फोनमध्ये बघण्यासारखं सगळं बघून झालं. शेवटी दवाखान्यांच्या ऑर्डरी लिहायची वही उलटी धरली आणि मागच्या पानापासून सुरुवात केली.

मी दात बनवतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टर माप घेतात, त्या साच्यावरून कवळी मी करतो. गावातले चार आणि बाहेरगावचे तीन दवाखाने माझ्याकडे आहेत. सकाळी सव्वासातला निघायचं, दात पोचवायचे, नवी मापं घ्यायची, तीनपर्यंत घरी. हे झालं पूर्वीचं. चोवीस दिवसांपूर्वी विजेवरची गाडी घेतली आणि आता तीननंतर मी या तळघरात असतो. विकणाऱ्याने तीनशे किलोमीटर सांगितले होते. एसी लावला, चढ लागला, की एकशेनव्वद. बारीक अक्षरात तेही छापलं होतं म्हणा, पण तेव्हा मी गाडीचा रंग बघत होतो.

घरी चार्जिंग झालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण आमच्या इमारतीत पार्किंग म्हणजे लोखंडी दुमजली मांडणी. एका जागेत दोन कप्पे. वरचा माझा, खालचा दुसऱ्या मजल्यावरच्या मोजणीवाल्या काकांचा. खालची गाडी बाहेर काढल्याशिवाय वरची उतरत नाही, म्हणून इमारतीचा पहिल्यापासूनचा रिवाज असा की खालच्याने आपली जादा किल्ली वरच्याच्या घरी टांगून ठेवायची. काकांची किल्ली आमच्या दाराशी असते. रोज सकाळी मी त्यांची छोटी पेट्रोलची गाडी बाहेर काढतो, वॉचमनकडून बटण दाबवून घेतो, त्याच्या वहीत सही करतो, माझी गाडी उतरवतो आणि त्यांची परत जागेवर लावतो. वॉचमनची सही-वही फक्त वरच्या कप्प्याला. खालच्यांची मजा आहे, केव्हाही या, केव्हाही जा.

वायरमनने स्वच्छ सांगितलं, हलणाऱ्या कप्प्याला वायर लावता येणार नाही, लावायची तर खालच्या भिंतीला. म्हणजे घोडं अडलंय ते काकांच्या कप्प्यात. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकटे राहतात. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. जी गाडी चालत नाही तिने खाली पसरायचं आणि जी चालते तिने माळ्यावर चढायचं, हा कुठला न्याय?

६ फेब्रुवारी, गुरुवार

काकांना रीतसर पत्र लिहिलं. कप्प्यांची अदलाबदल, कारणं एक ते पाच, खाली सही. त्यांच्या दाराखालून सरकवून आलो. ही म्हणाली, पत्र कशाला, जाऊन बसा ना जरा त्यांच्याजवळ. मी म्हटलं, नियमाचं काम नियमाने झालेलं बरं. संध्याकाळी आमच्या दाराखालून उत्तर आलं. "कप्पा बदलणं जमणार नाही. क्षमस्व." कारण एकही नाही. ज्याने जन्मभर कुणाची वीतभर जागा कुणाची हे ठरवलं, तो स्वतःची वीत कशी सोडेल! हिला तसं म्हटलं तर ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

हिचं चित्त सध्या लेकीकडे आहे. लेक दोनशे पंधरा किलोमीटरवर, घाटापलीकडे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. जावई गुणी आहे, पण त्याच्या नोकरीत पाळ्या असतात. पहिली वेळ, आई जवळ हवीच. अडचण एवढीच की हिला गाडी लागते. बसमध्ये तर पहिल्या वळणाला. म्हणूनच मी ही गाडी घेतली. आवाज नाही, धूर नाही, वास नाही, हिला अलगद नेऊन सोडेन म्हटलं. गाडी दारात आली तेव्हाच हिला कळलं हे खरं आहे, पण मला तिला चकित करायचं होतं. तिने आधी विचारलं, जुनी देऊन टाकली? आणि मग, हिच्यात गिअर नाहीत? मी म्हटलं, तुला काय करायचेत गिअर?

९ फेब्रुवारी, रविवार

आज लेकीकडे जाऊन यायचं ठरवलं होतं, रंगीत तालीम म्हणून. शंभर टक्के भरून सातला निघालो. अ‍ॅपच्या म्हणण्याप्रमाणे महामार्गावर एकशेवीस किलोमीटरवर एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची दोन मशिनं आहेत.

या गाडीत पेडलवरचा पाय उचलला की ती आपोआप ओढून धरते. मला त्याची गंमत वाटते. हिला चाळिसाव्या किलोमीटरला पहिली उलटी झाली, सत्तराव्याला दुसरी. टक्के भराभर उतरत होते म्हणून मी एसी बंद केला, त्याने ती आणखी गुदमरली. जुन्या गाडीत इतकं होत नव्हतं, एवढंच म्हणाली.

हॉटेलपाशी पोचलो तर एका मशीनचा पडदा काळा. दुसऱ्याला वेगळं अ‍ॅप हवं. ते घेतलं, तर त्याने फोनवर एक आकडा पाठवतो म्हणून सांगितलं आणि तो आकडा काही आला नाही. हॉटेलवाला म्हणाला, दुरुस्तीवाला गेल्या महिन्यात आला होता, मशीनचे फोटो काढून गेला. पस्तीस टक्के उरलेले. पुढे पंच्याण्णव किलोमीटर आणि घाट, मागे एकशेवीस. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्यापुढे दाताच्या कण्या केल्या तेव्हा त्याने दुकानातल्या साध्या प्लगला गाडी लावू दिली. पाच तास. ही टायरवर बसून येणारेजाणारे ट्रक बघत होती.

मधेच म्हणाली, "जो चालवतो त्याला गाडी लागत नाही म्हणतात. खरं का हो?"

मी म्हटलं, त्याला लागायला वेळ कुठे असतो! ती हसली नाही. मग म्हणाली, इथून मी टॅक्सीने पुढे जाऊ का? घरची नवी कोरी गाडी असताना भाड्याच्या गाडीतून जायचं? शिवाय तिथेही उलट्या होणारच, आणि सांभाळायला कोण? मी तिला म्हटलं, थोडा धीर धर, महामार्गावर नवीन मशिनं येणार आहेत, मीच नेईन. अंधार पडायच्या आत घरी आलो. लेकीला रस्त्याचं काम चालू होतं असं सांगितलं. ती म्हणाली, बरं बाबा, आईला द्या. आणि मग दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हल्ली इमारतीत मला कुणी "कसे आहात" विचारत नाही. "किती टक्के?" असं विचारतात. मी दात विचकतो. व्यवसायच तो आहे.

पण लिहायचं ते वेगळंच. काकांच्या गाडीत काहीतरी गडबड आहे. आज सकाळी आत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पुढे ओढलेली. मागेही दोनदा असं झालं होतं, तेव्हा वाटलं, जुनी गाडी, सीट सरकत असेल. पण आज आरसाही खाली वळवलेला होता. आणि पेट्रोलचा काटा परवा पावावर होता तो अर्ध्यावर. सीट सरकेल, पेट्रोल कसं वाढेल? कुणीतरी ही गाडी फिरवतंय. पहिला संशय वॉचमनवर आला, पण तो ताडमाड उंच आहे, त्याने सीट मागे ढकलली असती. हे माणूस बुटकं आहे. माझं आयुष्य मापांत गेलंय, मला असं कोण फसवणार? उद्या निघताना चाकामागे मेणाचा गोळा ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गोळा चपटा झाला. टायरची नक्षी इतकी सुबक उमटलीय की असा साचा एखाद्या डॉक्टरने दिला तर मी त्याचे पाय धरीन. म्हणजे मी बेसमेंटमध्ये अडकलेला असतो तेव्हा ही गाडी बाहेर जाते.

काकांना सांगायला निघालो आणि जिन्यातच थांबलो. रविवारी सोसायटीची सभा आहे. माझा सगळा अर्ज एकाच पायावर उभा आहे, तो म्हणजे काकांची गाडी वापरात नाही. मग ती फिरते हे मीच जाऊन कशाला सांगू? तसाच परत आलो आणि मेण डब्यात टाकलं. बरं वाटत नाही, पण निदान वहीत तरी खरं लिहावं. दारात ही उभी होती. जिन्यातून परत का आलात, म्हणाली. मी म्हटलं, चष्मा विसरलो. चष्मा डोळ्यांवर होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. जिंकलो.

आधी तासभर आगीवर चर्चा. या गाड्या पेटतात म्हणे. कुणाच्या मेव्हण्याच्या मित्राची स्कूटर जळाली होती. मी विचारलं, कधी, कुठे? तर मेव्हणा परगावी असतो. मग एकाने विचारलं, चार्जिंग चालू असताना लिफ्ट बंद पडेल का? दुसऱ्याला काळजी की यांना दिलं तर उद्या सगळेच मागतील. मी म्हटलं, मागू देत की! सचिव सज्जन आहेत, त्यांनी नियम वाचून दाखवला. गरज सिद्ध झाल्यास समितीला कप्पे बदलता येतात.

मग मी उभा राहिलो. रोजची फेरी सांगितली, बेसमेंट सांगितलं, लेकीचे दिवस भरत आल्याचंही सांगितलं. माझ्या बायकोला तिच्याजवळ पोचायचंय आणि ती केवळ या कप्प्यापायी घरात अडकून पडली आहे, असं म्हटल्यावर दोन बायकांनी माना हलवल्या. शेवटी म्हटलं, काकांची गाडी दोन वर्षं जागची हललेली नाही.

काका पहिल्या ओळीत होते. बसूनच म्हणाले, "गाडी उभी नसते. चालते."

लोक हसले. कुणीतरी म्हटलं, हो, रोज सकाळी दहा फूट. मीही हसलो. सचिवांनी नम्रपणे विचारलं, कोण चालवतं? काका माझ्या मागे कुठेतरी बघत राहिले. मागे भिंतीवर घड्याळ आहे, बहुधा किती वाजले ते दिसतंय का हे बघत असावेत. मग म्हणाले, ते सांगायची मला मुभा नाही. झालं! ज्याला नाव सांगता येत नाही त्याची बाजू कोण घेणार? सात विरुद्ध दोन.

घरी येताना जिन्यात ही थांबली. ती सभेत माझ्या मागच्याच खुर्चीवर होती.

"तुम्हाला नक्की माहीत आहे, ती गाडी उभीच असते?"

मी म्हटलं, हो.

"बरं," म्हणाली, आणि पुढे गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वायरमनने भिंतीला पेटी बसवली. हिरवा दिवा लागला तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू? काकांची गाडी वर चढवली, माझी खाली. आता त्यांची उतरवण्याचं कारणच नाही, म्हणून किल्ली परत द्यायला गेलो. दुसऱ्या मजल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत गेलो असेन. घर नीटनेटकं, टेबलावर दोन कप. कुणी येणार होतं वाटतं.

मी म्हटलं, काका, राग नसावा. ते म्हणाले, राग नाही. मग विचारलं, तुम्ही रोज किती वाजता घरी याल आता? मी म्हटलं, तीनला, आणि आलो की लगेच चार्जिंगला लावणार, सहा-सात तास हलवायचंच नाही. ते मान डोलावत म्हणाले, म्हणजे वरची उतरायची नाही. नाहीच उतरायची, मी म्हटलं, तुमची कटकट गेली. त्यांनी किल्ली हातात घेतली आणि अंगठ्याने चाचपत राहिले. डोळे अधू झाले की माणसं अशी वस्तू चाचपतात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस रोज तीनला घरी येतोय. बेसमेंट नाही, रांग नाही. हिच्यासमोर बसून चहा घेतो. वाटलं होतं ती खूश होईल. ती घड्याळ बघते. चार वाजले की "पाय मोकळे करून येते" म्हणून जाते. आज गॅलरीतून पाहिलं तर ती आणि काका आवारातल्या मांडणीसमोर उभे होते. काका हाताने हवेत काहीतरी वळवून दाखवत होते, ही मान हलवत होती. नंतर दोघांनी वर बघितलं, काकांच्या गाडीच्या पोटाकडे.

मी विचारणार होतो, पण काय विचारायचं?

लेकीकडे जायचं अजून जमत नाही. घरचं चार्जिंग झालं तरी शंभर टक्क्यांत एकशेनव्वदच. शेवटचे पंचवीस किलोमीटर राहतात. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. महामार्गावरची मशिनं अ‍ॅपवर अजून करड्या रंगात, म्हणजे बंदच आहेत. रोज सकाळी बघतो. ही आता विचारतसुद्धा नाही, त्यामुळे जास्तच अवघडल्यासारखं होतं. कधीकधी वाटतं, गाडी घेताना हिला एकदा विचारलं असतं तर. पण तिला त्यातलं काय कळतं?

३ मार्च, सोमवार

ही सकाळीच काकांबरोबर गेली होती, त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आले ते दोघेही हसत. काकांचे डोळे सुधारले का विचारलं, तर म्हणाली, नाही, तसेच आहेत. हसायला काय झालं मग? तिने गॅस पेटवला आणि गुणगुणायला लागली. लग्नाला एकतीस वर्षं झाली. हिला गुणगुणता येतं हे विसरलोच होतो.

८ मार्च, शनिवार

हिच्या नावाचं एक सरकारी पाकीट टपालाने आलं. सही मी केली. ओळखपत्राचं काहीतरी असणार. टेबलावर ठेवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर नव्हतं.

अ‍ॅपवर मशिनं करडीच.

१२ मार्च, बुधवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. लेकीच्या गावी. क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

काल मंगळवारी फेरी लवकर संपली. बाराला घरी आलो, गाडी चार्जिंगला लावली. तेवीस टक्के होते. पाऊण वाजता जावयाचा फोन. लेकीला आठवडाभर आधीच कळा सुरू झाल्या, दवाखान्यात आणलंय, ती आईला हाक मारतेय. मी आधी अ‍ॅप उघडलं. मशिनं करडी. मग हिशोब केला, की सातला गाडी भरेल, वाटेत पंक्चरवाल्याकडे तीन तास, म्हणजे पोचायला पहाट. टॅक्सीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पाचच्या आत गाडी नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. मीच घेतलेल्या गाडीने मीच कोंडलेला. हिच्याकडे बघायचा धीर होईना.

ही आतून पिशवी घेऊन आली. "तुमची गाडी बाहेर काढा," म्हणाली.

"अगं, पण तेवीस टक्क्यांत—"

"तुमची नाही नेत. काकांची खाली उतरवायचीय."

खाली गेलो तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठड्याला धरून काका उभे. हातात किल्ली. हिने त्यांना आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, काका, तुम्हाला दिसत नाही, तुम्ही कशी चालवणार?

"मी नाही, ताई चालवणार," ते म्हणाले. "डिसेंबरपासून शेजारी बसतोय. हात सरळ आहे त्यांचा."

ड्रायव्हिंगची शाळा लावून शिकली होती म्हणे, रोजचा सराव काकांच्या गाडीवर. आधी मी फेरीवर असताना, पुढे बेसमेंटमध्ये असायचो तेव्हा. त्या सोमवारी डोळ्यांचा डॉक्टर नव्हताच, परीक्षा होती. पाकिटात लायसन होतं. मी केबल काढली, माझी गाडी बाहेर घेतली. वॉचमनने बटण दाबलं, वही पुढे केली आणि माझ्याकडे बघितलं. पेन हिने घेतलं. मग गाडीत बसली, सीट पुढे ओढली, आरसा खाली वळवला. मी समोर उभा होतो. इतका मोठा मापांचा जाणकार!

"येताय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, माझी गाडी मध्येच उभी आहे, चार्जिंग अर्धवट राहिलंय, उद्या दोन कवळ्या पोचवायच्या आहेत.

"गाडीला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं."

गाडी खालच्या कप्प्यात ढकलली, केबल न लावता कुलूप घातलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. काका आले नाहीत. त्यांनी फक्त दाराच्या काचेवर दोनदा टकटक केलं.

ती सावकाश चालवते, पण थांबत नाही. मी दोनदा "ब्रेक" म्हटलं. तिने सांगितलं, शेजारच्याने बोलायचं नाही, असा काकांचा नियम आहे. घाटात तिसऱ्या वळणाला मला मळमळायला लागलं. सहाव्याला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला वाकलो. उभ्या जन्मात मला गाडी लागली नव्हती, कारण उभ्या जन्मात शेजारी बसलोच नव्हतो. हिने पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

तिथेच, गुळणी करता करता मी सांगून टाकलं, की ती गाडी चालते हे मला माहीत होतं. चाकामागे मेण ठेवलं होतं. सभेत खोटं बोललो.

ती म्हणाली, "मेण मी पाहिलं होतं. बाजूने काढता आली असती गाडी. मुद्दाम वरून नेली. म्हटलं, आता तरी विचाराल."

त्यानंतर घाट उतरेपर्यंत मी बोललो नाही. नियम काकांचा होता म्हणून नव्हे.

साडेपाचला पोचलो. जावई धावत आला आणि मला म्हणाला, बाबा, इतक्या लवकर? वाटेत चार्जिंग मिळालं वाटतं. हो म्हणणं किती सोपं होतं. मी म्हटलं, मी नाही आणलं, हिने आणलं मला. त्याला काहीच आश्चर्य वाटलं नाही. त्यालाही माहीत होतं, लेकीलाही. ही तोवर आत लेकीजवळ पोचली होती. साडेसहाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आज सकाळी बाकावर ही माझ्याजवळ येऊन बसली. मला बसने परत जावं लागेल, दात थांबलेत. गाडी इथेच राहील, काकांनी ती तिला हवी तितके दिवस दिली आहे. मी जाऊन पुन्हा कप्पे बदलायचा अर्ज करीन म्हटलं. ती म्हणाली, ते काकांना विचारा, मला नका सांगू. मग मी विचारलं, तू परत कधी येशील? तिला हा प्रश्न नवीन होता.

"ठरवून सांगते," म्हणाली, आणि आत गेली.

मी थोड्या वेळाने उठलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. लेक झोपली होती, ही खुर्चीत बाळाला घेऊन बसली होती. माझीच लेक, माझीच नात, माझीच बायको. सरळ आत शिरणार होतो, पण पाय उंबऱ्यावरच थांबले. "आत येऊ का?" मी विचारलं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "हात धुऊन या."